सेरेंगेटीची रंगीत तालीम

हे मी लिहिणारच नव्हतो. दोनदा सुरू केलं, दोनदा डिलीट केलं. कुणाच्या घोरण्यावर काय लिहायचं? आणि तेही अशा माणसाच्या, ज्याने मला स्टेशनवर सोडायचा कधी कंटाळा केला नाही. मग गेल्या आठवड्यात मुरलीकाका स्वतःच म्हणाले, लिही की. फक्त मला विनोदी करू नकोस, आहे तेवढा पुरे.

तर लिहितोय. मला लिहिता येतं असं मला कुणी सांगितलेलं नाही. मी नागपूरचा, कॉमर्सचा. कोडिंग व्हिडिओ बघून शिकलो आणि आता बर्मिंगहॅममध्ये एका बँकेसाठी सॉफ्टवेअर टेस्ट करतो. म्हणजे दिवसभर दुसऱ्यांच्या चुका शोधायच्या आणि त्या त्यांना गोड शब्दांत सांगायच्या. हे दुसरं मला ऑफिसबाहेर अजिबात जमत नाही. पुढे कळेलच.

कॉव्हेंट्री. वैजयंतीताईंची कन्झर्व्हेटरी, म्हणजे घरामागची काचेची खोली. रविवार दुपार. टांझानियाच्या ट्रिपची मीटिंग चालू होती, आणि टेन्टमध्ये कोण कुणाबरोबर झोपणार हा विषय निघाला तेव्हा मुरलीकाका किचनमध्ये चहा करत होते. निघाला म्हणजे, ते किचनमध्ये गेले म्हणूनच निघाला.

वैजयंतीताई म्हणजे आमच्या ग्रुपच्या सगळ्या कार्यक्रमांच्या दिग्दर्शक. गणपतीतलं नाटुकलं असो की वेल्सची ट्रिप. त्यांचे मिस्टर मोहनदादा खुर्च्या लावतात आणि टोमणे मारतात. त्या दोघांशिवाय वॉटफर्डहून आलेले शशिधर आणि निवेदिता, आणि नीनाताई आणि तिची बहीण. अशा तीन जोड्या, आणि एकटे मुरलीकाका. मी जाणाऱ्यांत नव्हतोच. मला टीव्हीला लॅपटॉप जोडायला बोलावलं होतं. वैजयंतीताईंकडे जेवायला मिळतं, त्यामुळे त्यांचा टीव्ही मी कायमचा नीट करत नाही.

टीव्हीवर सेरेंगेटीतल्या त्या कॅम्पचे फोटो होते. कॅनव्हासचे टेन्ट, समोर गवत, गवतात मान वर काढलेला जिराफ. पण त्या कॅम्पला कुंपण नाही, म्हणून त्यांचा एक नियम होता. सत्तरीच्या पुढच्या माणसाला ते टेन्टमध्ये एकटं झोपू देत नाहीत. सोबत कुणीतरी हवंच. मुरलीकाका मार्चमध्ये सत्तर झाले. म्हणजे पार्टनर नसेल तर काका नाहीत, एवढं सरळ होतं.

आणि पार्टनर व्हायला कुणी तयार नव्हतं. कारण वेल्स.

वेल्सला मी नव्हतो, पण मला ते इतक्या वेळा ऐकवलंय की मी असल्यासारखंच झालंय. कॉटेज घेतलं होतं. पहिल्या रात्री शशिधर सोफ्याच्या उशा घेऊन बाथटबमध्ये जाऊन झोपला. नीनाताईने दाराच्या फटीत टॉवेल कोंबला, मग त्यावर स्वतःचा कोट कोंबला. आणि सकाळी शेजारच्या घरात राहणाऱ्या मालकिणीने बॉयलर बघायला माणूस पाठवला, रात्रभर कसला आवाज येतोय म्हणून. त्या माणसाला बॉयलरपाशी कोण घेऊन गेलं? मुरलीकाका. त्यांनी टॉर्च धरला, त्याला चहा पाजला, आणि म्हणाले, मला तर बुवा काहीच ऐकू आलं नाही.

म्हणजे काकांना माहीतच नव्हतं. सत्तर वर्षांच्या माणसाला आपण घोरतो हे माहीत नव्हतं. आणि वेल्सनंतर इतके महिने झाले तरी कुणी सांगितलं नव्हतं, कारण आमच्यात तोंडावर कुणाला काही सांगत नाहीत. माणूस चहा करायला गेला की सांगतात.

"कॅम्पवाल्यांनी लिहिलंय, रात्री सिंहाची डरकाळी ऐकू येते," मोहनदादा फोटोकडे बघत म्हणाले. "सिंहाला काय ऐकू येईल ते नाही लिहिलेलं."

सगळे हसले. मी पण हसलो. नीनाताई म्हणाली, माझी तर बहीण बीपीची आहे. शशिधर म्हणाला, मी आणि निवेदिता वेगळे झोपूच शकत नाही. त्यावर निवेदिताने त्याच्याकडे असं बघितलं की ही बातमी तिला पण नवीनच असावी. वैजयंतीताईंची मुलगी तनू युनिव्हर्सिटीतून वीकेंडला आली होती. तिचा जन्म इथलाच, मराठी तिच्या पद्धतीचं. ती फोनमधून वर न बघता म्हणाली, "तुम्ही सगळे किती वाईट आहे. जस्ट टेल हिम ना."

तेवढ्यात काका ट्रे घेऊन आले आणि सगळे एकदम दुर्बिणींबद्दल बोलायला लागले.

काका त्यांची नवीन हॅट घालूनच चहा करत होते. खाकी, मागे मानेवर पडदा. बूट सुद्धा नवीन, ते चामडं सैल व्हावं म्हणून रोज सुपरमार्केटमध्ये घालून फिरायचे. फोनवरून स्वाहिली शिकत होते. सगळ्यांना चहा देताना "कारिबू, कारिबू", म्हणजे या, या, म्हणत होते आणि नीनाताईला सांगत होते की प्राण्यांचं मायग्रेशन म्हणजे आपल्याला वाटतं तसं नसतं, विल्डबीस्टचे कळप वर्षभर गोल गोल फिरतच असतात, फेब्रुवारीत ते दक्षिणेला पिल्लं द्यायला येतात, आपण बरोब्बर तेव्हा पोचणार. सगळे माना डोलवत होते. कुणी त्यांच्या डोळ्यांत बघत नव्हतं.

निघताना वैजयंतीताईंनी मला दारापाशी गाठलं. काका तुला स्टेशनवर सोडतायत ना, मग गाडीत सांग. ग्रुप फुल झाला म्हण, नाहीतर गुडघ्याचं म्हण, जीपमध्ये फार हादरे बसतात. मी का, असं विचारलं तर म्हणाल्या, तू जात नाहीयेस ना, तुझ्यावर राग धरून काय करणार ते?

यात लॉजिक होतं. मी हो म्हणालो.

मुरलीकाका गाडी फार सावकाश चालवतात. आधी कार फॅक्टरीत होते, दारांना रबराची सील लावायच्या लाइनवर. फॅक्टरी बंद पडल्यावर स्पेशल स्कूलची मिनीबस चालवायला लागले, ती रिटायर होईपर्यंत. गाडीत मागे मुलं बसलीयत असं समजूनच अजून ब्रेक लावतात. आले मिरजेहून, ते पण बायकोच्या व्हिसावर. श्यामलाकाकू इथे हॉस्पिटलात नर्स होत्या. त्या काळी नवरा बायकोच्या मागे आला म्हणून गावात लोक हसायचे, असं काकाच हसत सांगतात. काकू जाऊन आता काही वर्षं झाली. मी त्यांना बघितलेलं नाही.

रिंग रोडवर मी सुरुवात केली. म्हटलं, काका, ते जीपचे हादरे म्हणे फार असतात.

ते म्हणाले, असू देत. मग आरशात मागच्या रिकाम्या सीटकडे बघितलं. मला वाटलं, समजलं की काय.

"तुला एक सांगू का," ते म्हणाले. "मी आयुष्यात एकदाही फिरायला गेलो नाही. वेल्स सोडून. सुट्टी मिळाली की मिरज. भावाचं लग्न, बहिणीचं लग्न, वडिलांचं ऑपरेशन, मग वडील, मग आई. मग जमिनीच्या हद्दीवरून चुलत्यांशी भांडण, त्याला दोन सुट्ट्या. विमानतळाबाहेर आलो की पंधरा माणसं उभी. प्रत्येकाला काहीतरी पाहिजे. कुणाला चॉकलेट, कुणाला नोकरी. वाईट नाहीत रे, आपलीच आहेत. पण मला एकदा अशा ठिकाणी जायचंय जिथे कुणी माझी वाट बघत नाही. हत्ती म्हणणार आहे का मला, काका, माझ्यासाठी काय आणलं?"

मी म्हटलं, नाही म्हणणार.

"मग हादरे बसेनात का."

स्टेशन आलं. मी थँक यू म्हणून उतरलो. ट्रेनमधून वैजयंतीताईंना मेसेज केला, जमलं नाही. त्यांनी कपाळावर हात मारणारी इमोजी पाठवली. मग थोड्या वेळाने लिहिलं: ठीक आहे. आपण तालीम घेऊ.

आमचा ग्रुप तालमीशिवाय काही करत नाही हे मला सांगायला हवं. हळदीकुंकवाची सुद्धा तालीम होते. वेल्सची झाली होती, पण त्यात झोपेचा प्रवेश नव्हता, असं मोहनदादा म्हणाले. वैजयंतीताईंचं म्हणणं, वेल्सला काकांना सर्दी असेल कदाचित. एकदा नीट बघू. जूनमध्ये गार्डनमध्ये टेन्ट लावायचे, सकाळी गेम ड्राइव्ह, मग जेवण, मग सगळ्यांनी टेन्टमध्ये वामकुक्षी. दुपारची झोप काय, रात्रीची काय, घोरणं तेच. आणि काकांच्या टेन्टमध्ये सुश्रुत.

सुश्रुत म्हणजे मी. नाव ऐकून लोकांना वाटतं डॉक्टर असेन. "तू टेस्टर आहेस ना, मग टेस्ट कर," ताई म्हणाल्या.

तालमीच्या दिवशी मोहनदादांच्या सेव्हन-सीटरमधून गेम ड्राइव्हला निघालो. जागा सातच, म्हणून तनू आणि नीनाताईची बहीण घरीच थांबल्या. मला आणि काकांना सगळ्यात मागे टाकलं. जवळच एक डियर पार्क आहे, तिथे हरणं असतात आणि ती माणसांना कंटाळलेली असतात. वैजयंतीताईंचा नियम असा की प्राणी दिसला की पूर्ण शांतता, फक्त बोट दाखवायचं. पहिलं हरीण दिसलं. सगळ्यांनी बोट दाखवलं. मग निवेदिता कुजबुजली की अगदी आपल्या ऋजुतासारखे डोळे आहेत. नीनाताईने विचारलं, कोण ऋजुता, ती लेस्टरची का? मग ऋजुताचं लग्न, तिची सासू, सासूचं लेस्टरचं घर, ते घर विकून त्यांनी काय केलं, हे सगळं झालं. हरीण निघून गेलं. काका एकटे काच खाली करून अजून बोट दाखवत होते.

टेन्ट तनूच्या शाळेतल्या ड्यूक ऑफ एडिनबरा नावाच्या कॅम्पिंगच्या वेळचे. एकाची चेन अडकायची, तो मला आणि काकांना. जेवण सफारीत मिळतं तसं हलकं ठेवायचं ठरलं होतं, म्हणून ताईंनी मसालेभात, मठ्ठा आणि जिलबी केली. जेवून सगळे आपापल्या टेन्टमध्ये गेले. कुणी झोपणार नव्हतं, सगळे ऐकायला पडले होते.

काका हॅट उशाशी ठेवून उताणे झोपले. मला म्हणाले, "लाला सलामा." म्हणजे शांत झोप. आणि झोपले.

सुरुवात साधीच होती. कुणीतरी लांबून खडीवरून कचऱ्याचा डबा ओढत आणतंय अशी. मग डबा जवळ आला. मग त्यात कुणीतरी बसलंय असं वाटायला लागलं. मग एकदम सगळं थांबलं. काहीच आवाज नाही. टेन्टचं कापड हलायचं बंद झालं. त्या गॅपमध्ये मीच काकांच्या वतीने दोन श्वास घेतले. आणि मग जे सुरू झालं त्याला माझ्याकडे शब्द नाही. शेजारचा कुत्रा उत्तर द्यायला लागला. पलीकडच्या टेन्टमधून मोहनदादांचा आवाज आला, इंटरव्हल संपला.

मी त्यांना हलवायला हवं होतं. खांद्याला हात लावला पण होता. पण आपल्यापेक्षा चाळीस वर्षांनी मोठ्या माणसाला झोपेत ढकलायचं कसं, हे मला कळेना. "काका, ओ काका" असं मी पुटपुटलो. ते मलाच ऐकू आलं नाही.

दुसऱ्या गॅपला गार्डनचं साइड गेट वाजलं. वैजयंतीताईंचा शेजारी कीथ. चांगला माणूस आहे, रिटायर्ड आहे, फुटबॉल क्लबात फर्स्ट एड करायचा. त्याला कुंपणापलीकडून वाटलं की कुणीतरी गुदमरतंय. अडकलेली चेन त्याने एका हिसक्यात तोडली, आत आला, गुडघ्यांवर बसला आणि दोन्ही हातांनी काकांची हनुवटी वर केली.

काकांनी डोळे उघडले. अगदी जवळ कीथचा लाल चेहरा. ते म्हणाले, "गुड आफ्टरनून."

कीथ मागे टेकला आणि हसायला लागला. सुटल्यासारखा हसला. म्हणाला, मला वाटलं गेलास तू. मग म्हणाला, हे घोरणं आहे होय, बाप रे, लॉनमोअर बरा. आणि मग त्याने सहज विचारलं, "युअर मिसेस नेव्हर टोल्ड यू, मेट?"

काका उठून बसले. टेन्टच्या दारातून बाहेर बघितलं. तिथे सगळे उभे होते. मोहनदादा गवताकडे बघत होते. नीनाताई कानातले हेडफोन काढून मुठीत लपवत होती.

"वेल्सचा बॉयलर," काका मराठीत म्हणाले. "तो मी होतो?"

वैजयंतीताई टेन्टची तुटलेली चेन जुळवायला लागल्या. शेवटी तनू म्हणाली, "हो काका. सॉरी. त्यांनी तुम्हाला सांगायला पाहिजे होती."

काका बाहेर आले. कीथला थँक यू म्हणाले, त्याला बसवलं, एका प्लेटमध्ये जिलबी दिली, ही गरम असताना खायची असते हे सांगितलं. मग आत जाऊन स्वतःची प्लेट धुतली. पुसून जागेवर ठेवली. वैजयंतीताई त्यांच्या मागे मागे, अहो काका, असू द्या काका, आजकाल ट्रीटमेंट असते काका. ते म्हणाले, जेवण छान होतं, वैजू. आणि गेले. मला स्टेशनवर सोडायचं विसरले. असं पहिल्यांदाच झालं.

सोमवारी ग्रुपवर त्यांचा मेसेज आला. मी टांझानियाला येत नाही. गुडघ्याचा त्रास वाढलाय. सगळ्यांना शुभेच्छा.

हेच कारण आम्ही त्यांच्यासाठी काढून ठेवलं होतं. ते त्यांनी स्वतःच घेतलं. त्या मेसेजखाली मोहनदादांनी अंगठा दाखवला, मग तो काढला.

त्या आठवड्यात मी दोन गोष्टी केल्या. एक म्हणजे मॅनेजरकडे फेब्रुवारीची सुट्टी मागितली. ती म्हणाली, टांझानिया? लकी यू. मी म्हटलं, येस. माझ्या मनात सिंह नव्हता, टेन्टची ती अडकलेली चेन होती. आणि दुसरं म्हणजे शनिवारी काकांकडे गेलो. फोन न करता, कारण फोन केला असता तर ते म्हणाले असते, कशाला उगाच.

दार उघडं होतं. घरभर फोडणीचा वास. काका गॅसपाशी उभे, अंगात काकूंचा असावा असा फुलाफुलांचा एप्रन. मला बघून काही आश्चर्य वाटल्यासारखं दाखवलं नाही. बस म्हणाले. भात टाकला होता, त्यात वाढवायला अजून तांदूळ धुवायला घेतले.

मी तयारी करून आलो होतो. आधी सॉरी म्हणायचं, मग पुढचं. पण तेच बोलायला लागले.

"ही कशाची आमटी आहे सांग."

मी वाकून बघितलं. तुरीची, म्हटलं. आमसूल दिसतंय.

"तुरीची," ते म्हणाले. "लग्न झाल्यापासून मी तूरडाळ खाल्ली नव्हती. आमच्या घरात कायम मूग. का, तर मला पित्त. तुला माहितीये का मला पित्त आहे ते?"

मी म्हटलं, नाही.

"मलाही श्यामलानेच सांगितलं. रोज रात्री उठवायची. अहो, कुशीवर व्हा, उताणं झोपलात की पित्त होतं तुम्हाला. मी व्हायचो कुशीवर. थोड्या वेळाने परत. अहो, पित्त. नाइट ड्युटी नसेल तेव्हा रोज. सकाळी उठलो की मोरावळा हातात. मी म्हणायचो, अगं पण मला जळजळत नाही काही. तर म्हणायची, मी काळजी घेते म्हणून जळजळत नाही."

त्यांनी आमटी ढवळली. चव बघितली. थोडा गूळ टाकला.

"त्या कीथने विचारलं ना, बायकोने कधी सांगितलं नाही का. घरी आलो, बसलो, आणि तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मला पित्त नाहीच आहे. कधीच नव्हतं. मंगळवारी तूर आणली. चार दिवस दोन्ही वेळा खातोय. काही होत नाही." ते माझ्याकडे वळले. "एवढं खोटं बोलायचं आणि ते टिकवायला आयुष्यभर स्वतःही मूग खायचे. तिला तूर आवडायची रे. माहेरी तूर खायची ती."

 मी ताटं घेतली.

ते म्हणाले, नर्स होती ना. पेशंटला काय सांगायचं आणि काय नाही, तिला बरोबर कळायचं. आणि मग हसले. हसता हसता चष्मा काढून एप्रनला पुसला, आणि एप्रनवर हळद असल्यामुळे एक काच पिवळी झाली. तशीच घातली.

जेवायला बसलो. आमटी चांगली झाली होती, थोडी गोड. काका म्हणाले, डॉक्टरकडे जाऊन आलो. श्वासाचं मशीन देतात म्हणे, पण त्याच्या तपासणीला नंबर लागायला वेळ आहे. आणि त्या कॅम्पात रात्री वीज बंद. बॅटरीवालं मिळालं तरी नाकाला एवढा पाइप लावून झोपलो तर हत्तींना वाटेल आपल्यातलंच कुणी आजारी आहे, चौकशीला येतील.

तेव्हा मी सांगितलं की मी सुट्टी घेतलीय. माझं तिकीट वैजयंतीताई सगळ्यांबरोबरच काढतायत. टेन्टमध्ये तुमच्याबरोबर मी. तुम्ही तो गुडघ्याचा मेसेज मागे घ्या.

काका जेवायचे थांबले. "तुझी कशाला फरफट? तरुण मुलगा तू. पोरींबरोबर जा कुठे."

मी म्हटलं, पोरींनी विचारलं असतं तर गेलोच असतो.

त्यावर ते हसले नाहीत. त्या एका पिवळ्या काचेतून माझ्याकडे बघत राहिले. "दया म्हणून येतोयस का? खरं सांग. त्या दिवशी आत होतास तू. तिथे तुला झोप लागेल?"

ऑफिसमध्ये अशा वेळी आम्ही काय लिहायचं ते ठरलेलं असतं. थोडी सुधारणा शक्य आहे, वगैरे. मी तोंड उघडलं आणि ते आलंच नाही.

"नाही लागणार, काका," मी म्हणालो. "वाईट आहे. फारच वाईट आहे. तुम्ही मध्येच श्वास घ्यायचं थांबता, ते तर त्याहून वाईट. मी घाबरलो होतो."

हे त्यांना आवडलं. कसं कळलं सांगता येणार नाही, पण त्यांचे खांदे थोडे खाली आले. आठवडाभर कुणी त्यांच्याशी सरळ बोललं नसावं.

"मग काय करशील?"

"हलवीन तुम्हाला. त्या दिवशी धीर झाला नाही. आता होईल."

त्यांनी माझ्या ताटात अजून भात वाढला, मी नको म्हणत असताना. त्यावर आमटी घातली. मग पळी भांड्यात ठेवून म्हणाले, ठीक आहे, वैजूला मी स्वतः फोन करतो. तिला सांगतो, गुडघा बरा झाला.

मी तो भात संपवला. मला वाटलं, झालं. मी उठणार तेवढ्यात ते म्हणाले, थांब, एक आहे.

"हलव मला. जोरात हलव, मी लवकर उठत नाही. आणि सरळ सांगायचं, काका, घोरताय. पाहिजे तर शिव्या घाल." त्यांनी ताटाकडे बघितलं. "पण पित्त म्हणू नकोस. गंमत म्हणून पण नाही. ते तिचं राहू दे."

"नाही म्हणणार, काका," मी म्हणालो. "कधीच नाही म्हणणार."